हळद अंगी लागते ती किती?

हळदीचे माहात्म्य सोलापूरकरांस निराळे सांगावयास नको. मकरसंक्रांतीच्या सुमारास श्रीसिद्धेश्वराची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि त्याच दिवसांत घरोघर हळदीकुंकवाची आमंत्रणे फिरू लागतात. शेजारच्या बाळे गावी खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला जातो. मंगळवेढे तालुक्यातील हुलजंतीस दिवाळीत महालिंगरायाच्या यात्रेत तर माणसेच पिवळी होऊन परततात. पंढरपुरास कुंकवाची दुकाने आहेत, आणि त्या कुंकवाची मूळ माउलीही हळदच. जन्मल्या बाळाच्या न्हाण्यापासून बोहल्यापर्यंत आणि वरणाच्या पातेल्यापासून कापलेल्या बोटापर्यंत जिचे काम पडते, अशी दुसरी वस्तू आपल्या संसारात क्वचितच सापडेल.

परंतु गेल्या काही वर्षांत हीच हळद एका निराळ्या वेषाने आपल्या घरात शिरली आहे. औषधांच्या दुकानातील काचेच्या कपाटात आता हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मांडलेल्या दिसतात. डबीवर पिवळ्या फुलाचे किंवा हळकुंडाचे चित्र असते. ‘शोषण वीसपट’, ‘मिरीच्या अर्कासह’ अशी वचने असतात. परगावी नोकरीस असलेला मुलगा वडिलांचे गुडघे दुखतात म्हणून अशी डबी प्रेमाने धाडतो. सूनबाई सासूबाईंच्या सांध्यांसाठी ती आणवितात. आणि ‘घरचीच तर हळद, तिने अपाय तो काय व्हावयाचा?’ असे म्हणून ती रोजच्या गोळ्यांच्या डब्यात जाऊन बसते. त्या डब्यात आधीपासूनच रक्तदाबाची, मधुमेहाची, कोठे रक्त पातळ ठेवण्याची गोळी असते. या नव्या पाहुणीचे त्या जुन्या मंडळींशी पटते की नाही, हे मात्र बहुधा कोणी विचारीत नाही. तो विचार करावा, म्हणून हा लेख.

प्रथम ही कॅप्सूल म्हणजे काय ते पाहू. हळदीस पिवळा रंग देणारे जे द्रव्य, त्यास रसायनशास्त्रात कर्क्युमिन म्हणतात. ते १८१५ साली फोगेल आणि पेलेत्ये या दोन रसायनवेत्त्यांनी हळदीपासून वेगळे काढले, आणि त्याची रचना १९१० साली निश्चित झाली. सामान्य हळदीत हे द्रव्य शेकडा दोन ते पाच इतकेच असते. शेकडा तीन धरून हिशेब केला, तर चहाच्या सपाट चमचाभर, म्हणजे सुमारे तीन ग्रॅम हळदीत नव्वद मिलिग्रॅम कर्क्युमिन येते. आमटी, भाजी, पोहे, ताक यांतून एका माणसाच्या पोटात दिवसाकाठी ग्रॅम-दीड ग्रॅम हळद गेली, तर कर्क्युमिन तीस ते पंचेचाळीस मिलिग्रॅम गेले. उलट बाजारातील एका कॅप्सूलमध्ये बहुधा पाचशे मिलिग्रॅम अर्क असतो आणि त्यात शेकडा पंचाण्णव कर्क्युमिन असते, म्हणजे चारशे पंचाहत्तर मिलिग्रॅम. तितके हळदीतून मिळवावयाचे, तर सुमारे सोळा ग्रॅम, म्हणजे पाच चमचे हळद एका दमात गिळावी लागेल. सकाळ-संध्याकाळ दोन कॅप्सूल घेणारा मनुष्य दहा चमचे हळदीतील रंगद्रव्य रोज पोटात घालीत असतो. तेव्हा ‘घरचीच हळद’ हे म्हणणे येथेच लंगडे पडते. फोडणीतील हळद आणि डबीतील हळद यांचे कूळ एक असले तरी त्यांच्या प्रमाणात दसपटीहून अधिक अंतर आहे.

इतके द्रव्य पोटात गेले म्हणजे ते अंगी लागले काय? येथे खरी मौज आहे, आणि ती समजून घेण्यास प्रयोगशाळेत जावयास नको. आपले स्वयंपाकघर आणि आपले धुण्याचे दगड एवढी साधने पुरेत.

भांडेभर पाण्यात चिमूटभर हळद घालून ढवळावी व थोडा वेळ स्वस्थ ठेवावे. पाणी वरवर पिवळे दिसले, तरी पूड तळाशी बसते. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तीच चिमूट तापल्या तेलात घालावी, की तेल क्षणात सोनेरी होते. म्हणजे या द्रव्याचे सख्य स्नेहाशी आहे, पाण्याशी नाही. आणि आपल्या आतड्यातील रस हा मुख्यतः पाणीच होय. दुसरी गोष्ट साबणाची. पांढऱ्या धोतरावर आमटीचा डाग पडला आणि त्यास साबण लावला, की पिवळा डाग लालभडक होतो, हे प्रत्येक गृहिणीने पाहिले आहे. हळदीत चुना कालवला तरी तेच होते. आणि हळद, टाकणखार व लिंबाचा रस यांच्या संयोगाने कुंकवाचा रंग येतो, हीही त्याच जातीची किमया. क्षाराची गाठ पडताच कर्क्युमिन आपले रूप पालटते. जठरातील आंबट रसात ते बरेच टिकते. परंतु पुढे आतड्यात गेल्यावर तेथील रस क्षाराकडे झुकलेला असतो. प्रयोगशाळेत शरीराइतक्या उबेच्या व तशाच सौम्य क्षारयुक्त द्रवात शुद्ध कर्क्युमिन ठेवले, तर अर्ध्या तासात त्याचा बहुतेक भाग मोडून जातो असे दिसून आले आहे. तिसरी गोष्ट उन्हाची. तोच डाग धुऊन उन्हात घातला की संध्याकाळपर्यंत फिका पडतो. इतके हे द्रव्य नाजूक आहे.

आता या तिन्ही अडचणींतून निभावून जे थोडे आतड्याच्या भिंतीपाशी पोहोचते, त्याची चौथी अडचण सर्वांत मोठी. आतड्याची भिंत आणि यकृत ही शरीराच्या देवडीवरची पहारेकरी मंडळी होत. अन्नाबरोबर येणारा प्रत्येक परका पदार्थ ती तपासतात, आणि नको असलेल्यास दुसरे एक द्रव्य चिकटवून, पाण्यात विरघळेल असा करून, बाहेरची वाट दाखवितात. कर्क्युमिनवर ही कारवाई फार जलद होते. १९७८ साली स्वीडनमधील दोघा संशोधकांनी उंदरांस मोठ्या प्रमाणात कर्क्युमिन खाऊ घातले, तेव्हा त्यापैकी सुमारे शेकडा पंचाहत्तर भाग विष्ठेवाटे तसाच बाहेर पडला आणि रक्तात नाममात्रच सापडला. माणसाची गत निराळी नाही. बंगळूर येथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी माणसांस दोन ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिले, तरी त्यांच्या रक्तात ते जवळजवळ आढळलेच नाही. दोन ग्रॅम म्हणजे वरच्या हिशेबाने वीस-बावीस चमचे हळदीतील ऐवज! अंगी लागणे तर दूरच, त्याने उंबरठासुद्धा ओलांडला नाही.

याच बंगळूरच्या प्रयोगाचा पुढचा भाग जगभर गाजला. त्याच माणसांस कर्क्युमिनबरोबर वीस मिलिग्रॅम पायपेरीन, म्हणजे मिऱ्यांतील तिखट द्रव्य, दिले, तेव्हा रक्तातील कर्क्युमिनची उपलब्धता दोन हजार टक्क्यांनी वाढली. डब्यांवर जी ‘वीसपट’ची घोषणा असते तिचे मूळ हेच. वीस मिलिग्रॅम पायपेरीन म्हणजे साधारण आठ-दहा मिरे. परंतु या आकड्यापुढे हुरळून जाण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी, की ज्याच्या गाठी एक पैसा आहे त्याचे वीसपट केले तरी वीसच पैसे होतात. रक्तात चढलेले प्रमाण तरीही अत्यल्प होते, आणि ते थोड्या वेळातच ओसरले. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मिऱ्याने ही वाढ केली कशी? त्याने कर्क्युमिनचे पाय बळकट केले नाहीत. त्याने देवडीवरच्या पहारेकऱ्यास डुलकी आणली. परके पदार्थ ओळखून बाहेर काढणारी जी यकृताची व आतड्याची यंत्रणा, तिचेच काम त्याने काही काळ मंदावले.

पहारेकरी झोपला, म्हणजे एकच पाहुणा आत येतो असे थोडेच आहे? आपण रोज घेतो त्यांपैकी पुष्कळ औषधांचा निचरा हीच यंत्रणा करीत असते. मिऱ्याच्या या गुणाचा आपल्याच देशात मोठ्या कल्पकतेने उपयोग झाला आहे. जम्मू येथील सरकारी संशोधन संस्थेच्या कामातून क्षयावरील एक गोळी निघाली. तीत दहा मिलिग्रॅम पायपेरीन मिसळल्यामुळे रिफॅम्पिसिन हे औषध चारशे पन्नास मिलिग्रॅमऐवजी दोनशे मिलिग्रॅम दिले तरी पुरते, आणि तिला २००९ साली भारतात मान्यता मिळाली. हे यश अभिमानास्पद खरेच. परंतु त्यातला दुसरा अर्थही वाचावयास हवा. जो पदार्थ एका औषधाची मात्रा अर्ध्याहून कमी करण्याइतका प्रभावी आहे, तो डॉक्टरांच्या नकळत दुसऱ्या औषधाबरोबर पोटात गेला, तर त्या औषधाची ठरविलेली मात्रा ठरल्याप्रमाणे राहील कशी? ज्या घरी वडीलधाऱ्यांच्या डब्यात चार-पाच गोळ्या आहेत, त्या घरी हा प्रश्न पुस्तकी नव्हे. न्यूझीलंडच्या औषध नियंत्रण खात्याने २०१८ साली असा इशारा प्रसिद्ध केला, की रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्या एका रुग्णाने हळदीचे पूरक सुरू केले, आणि त्याचे रक्त गोठण्याचे परिमाण दहाच्या वर गेले. हे परिमाण अशा रुग्णांत सामान्यतः दोन ते तीनच्या घरात ठेवतात. दहाच्या वर म्हणजे कोठेही रक्तस्राव होण्याची भीती.

यकृताची गोष्ट याहून गंभीर आहे. इटलीत हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्या काही लोकांस यकृतदाह झाल्यावर तेथील आरोग्य मंत्रालयाने २०१९ साली, यकृताचे किंवा पित्तमार्गाचे विकार असणाऱ्यांनी या गोळ्या घेऊ नयेत, अशी सूचना वेष्टनावर छापावयास लावली. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी २०२२ साली दहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. या दहांपैकी पाचांस रुग्णालयात राहावे लागले आणि एक दगावला. त्यांनी घेतलेल्या ज्या सात वस्तू तपासता आल्या, त्या सर्वांत हळद होती व तीनांत मिऱ्याचे द्रव्यही होते. दहांपैकी सातांच्या अंगी एक विशिष्ट आनुवंशिक खूण आढळली. अर्थात ही बाधा प्रत्येकास होत नाही. कोणास होईल हे मात्र आधी चेहऱ्यावरून कळत नाही. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रण खात्यानेही २०२३ साली असाच इशारा दिला. कोट्यवधी माणसे हजारो वर्षे हळद खात आली आहेत आणि या हकीकती थोड्या आहेत, हे आम्ही विसरत नाही. परंतु त्या हकीकती फोडणीतल्या हळदीच्या नाहीत. शरीराने जी वाट जाणूनबुजून अरुंद ठेवली, ती फोडून काढून मोठा साठा आत ढकलण्याच्या खटाटोपाच्या त्या बहुतांशी आहेत.

येथे कोणी आम्हांस विचारील, की मग हळदीचा गुण तो सर्व थोतांडच काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. थायलंडात २०१४ साली गुडघ्याच्या संधिवाताच्या तीनशे सदुसष्ट रुग्णांवर चार आठवडे प्रयोग झाला. हळदीच्या अर्काने आयबुप्रोफेनइतकाच आराम पडला व पोटाच्या तक्रारी कमी झाल्या. त्याच देशातील २०२३ च्या प्रयोगात अपचनाच्या दोनशे सहा रुग्णांत कर्क्युमिनचा गुण ओमेप्राझोल या प्रचलित औषधासारखाच दिसला. अंगात न शोषलेले कर्क्युमिन आतड्यात राहून तेथेच काही काम करीत असेल, असाही तर्क शास्त्रज्ञ करतात. परंतु हे प्रयोग थोड्या मुदतीचे होते आणि वैद्यांच्या देखरेखीखाली झाले. उलट २०१७ साली अमेरिकेतील काही रसायनवेत्त्यांनी कर्क्युमिनवरील एकंदर संशोधनाचा झाडा घेतला, तेव्हा शंभराहून अधिक मानवी प्रयोग होऊनही निर्विवाद यश पदरी पडलेले नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणजे आशा आहे, खातरी नाही. आणि डबीवर मात्र खातरीचीच भाषा असते.

या भाषेस आपला स्वाभिमानही थोडा बळी पडतो. हळदीने जखम भरून आणण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले होते. त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने संस्कृत ग्रंथांपासून १९५३ सालच्या एका वैद्यकीय निबंधापर्यंत पुरावे जमवून झुंज दिली, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. त्या विजयाने सिद्ध झाले ते इतकेच, की हे ज्ञान आपल्याकडे पूर्वीपासून होते व ते कोणी नवे म्हणून बळकावू नये. कॅप्सूल रोज दोन घ्याव्यात, असा निकाल त्या खटल्यात लागला नव्हता. आयुर्वेदात हरिद्राखंड नावाचा पाठ आहे. त्यात हळदीबरोबर तूप, दूध आणि सुंठ, मिरी, पिंपळी ही त्रिकटू येते. स्नेह आणि तिखट यांची ती सांगड आजच्या संशोधनाशी जुळते हे पाहून आनंद होतो. तथापि तो पाठ पित्त उठल्यासारख्या विशिष्ट विकारावर, प्रकृती पाहून, ठराविक दिवस देण्याचा आहे. पूर्वजांचे नाव घ्यावयाचे, तर त्यांचे पथ्यही घ्यावयास नको काय?

आता घरात करावयाचे काय, ते थोडक्यात सांगतो. रोजच्या स्वयंपाकात हळद आजवर घालीत आलो तशीच घालावी. मात्र ती वरून भुरभुरण्यापेक्षा फोडणीच्या तेलातुपात पडू द्यावी. हळदीचे दूध करणे झाले, तर पाव चमचा हळद, साय न काढलेले दूध आणि एखाद-दोन मिऱ्यांची पूड पुरे. हळद घेताना शक्य तर सांगलीची किंवा वायगावची हळकुंडे घेऊन घरच्या तिखटाबरोबर कांडून आणावीत. दोन्ही हळदींस भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, वायगावच्या हळदीस २०१६ साली व सांगलीच्या हळदीस २०१८ साली. सुट्या पुडीचा रंग अतिशय झगझगीत असला तर ती टाळावी. बांगलादेशात रंग खुलविण्यासाठी हळदीत शिशाचे विषारी क्रोमेट घातले जात असल्याचे २०१९ साली उघड झाले होते.

कॅप्सूल घ्यावयाचीच असेल, तर डबीवर तीन गोष्टी वाचाव्यात. एका कॅप्सूलमध्ये शुद्ध कर्क्युमिन किती मिलिग्रॅम आहे. पायपेरीन आहे काय व किती. आणि ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ, जी आपल्या देशातील नियमांप्रमाणे अशा पूरक पदार्थांवर छापावी लागते. अन्नातील रंग म्हणून कर्क्युमिनची जी मर्यादा जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटना यांच्या संयुक्त समितीने ठरविली आहे, ती वजनाच्या दर किलोस दिवसाला तीन मिलिग्रॅमपर्यंत आहे. साठ किलोच्या माणसास ती एकशे ऐंशी होते. पाचशे मिलिग्रॅमची एक कॅप्सूलच ती मर्यादा ओलांडते, हे लक्षात असावे. काही कंपन्या मिऱ्याऐवजी सोयाबीनमधील लेसिथिन किंवा अतिसूक्ष्म कण यांच्या साहाय्याने शोषण वाढवितात व मोठमोठे आकडे छापतात. त्यांतील पुष्कळ आकड्यांत यकृताने आधीच शिक्का मारून निरुपयोगी ठरविलेले कर्क्युमिनही जमेस धरलेले असते. तेव्हा ‘किती पट’ यापेक्षा ‘कशाच्या पट’ हा प्रश्न अधिक शहाणपणाचा.

रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनी, पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी, यकृताचा जुना विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी ही कॅप्सूल डॉक्टरांस विचारल्याखेरीज मुळीच घेऊ नये. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर चालू असलेल्या कॅप्सूलची गोष्ट शस्त्रवैद्यास अवश्य सांगावी. घेणाऱ्यास अन्नावरची वासना उडणे, लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अंगास खाज सुटणे यांपैकी काही झाले, तर गोळी त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करवावी. ‘हळदीनेच पिवळे झाले असतील’ अशी थट्टा करून दिवस दवडू नयेत.

एकत्र कुटुंबात औषधे आणणारा एक, देणारा दुसरा आणि घेणारा तिसरा असतो. त्यामुळे कोण काय घेते याचा पुरा हिशेब एकाच्याही डोक्यात नसतो. डॉक्टरांनी विचारले, की लिहून दिलेल्या गोळ्यांची नावे सांगितली जातात, आणि हळदीची कॅप्सूल ‘ती काय, घरचीच आहे’ म्हणून गाळली जाते. यापुढे निदान एवढे व्हावे, की औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवताना तीत शेवटची ओळ हळदीची असेल. ती लिहिण्यास अर्धा मिनिट लागतो. न लिहिल्याची किंमत कधी कधी फार मोठी पडते.